पाटल्यांची मोटर

चालणाऱ्या मोटरीच्या गोष्टी होत नाहीत. ती येते, धूळ उडवते, निघून जाते. मागं काय राहतं? धूळ! पण बंद मोटर अंगणात उभी राहिली, की रोज एक गोष्ट घालते, कोंबडीनं अंडं घालावं तशी. आमच्या अंगणात अशी एक मोटर होती. तिच्या इतक्या गोष्टी साठल्या की एक उचलायला गेलं तर खालून दुसरी डोकावते. नातवंडं म्हणतात, "आजी, तेवढी शेवटचीच सांग." तशी नाही रे बाबांनो कळायची ती. पहिल्यापासून बसा.

*

इंग्रजाचं राज्य होतं, लढाई चालू होती आणि जबलपुरात पेट्रोल कुपनावर मिळत होतं. आमची लाकडाची वखार, गोलबाजाराच्या मागं घर, आणि दारात एक टांगा. टांगा घराचा म्हणायचा, पण बसायचे भासरे. भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. घरात त्यांचा शब्द शेवटचा. वखारीत जायला टांगा, न्हाव्याकडे जायला टांगा, कोपऱ्यावर पान खायलाही टांगा!

माझं माहेर गढ्याला, गावाबाहेरच्या काळ्या खडकांच्या पलीकडं. एका सकाळी निरोप आला, बाबांचं काही खरं नाही, असाल तशा निघा. टांगा फाटकात जुंपलेलाच उभा होता.

भासरे सासूबाईंना म्हणाले, "आई, धाकटीला सांग, मले सदर बाजारात जायचं हाय. दुपारून जा म्हणाव."

मी तिथंच उभी, हातभर अंतरावर. पण आमच्यात भासरा आणि भावजय एकमेकांशी बोलत नाहीत. मध्ये कोणीतरी लागतं. सासू, नाही तर लेकरू. अगदीच कोणी नसलं तर भिंतीकडे बघून बोलायचं. सासूबाईंनी मला सांगितलं. मी ऐकलं. पोराला कडेवर घेतलं आणि पायी निघाले.

पोचले तेव्हा अंगणात तिरडी बांधून राहिले होते.

दिवस उरकून परत आले, ती मनात एक गोष्ट पक्की करून आले. या घरात दुसरं वाहन येईल, आणि ते माझं असेल!

आमच्या ह्यांना मशीनची भारी हौस. वखारीतलं करवतीचं मशीन तेच बघायचे. सदरच्या एका बंगल्यातला साहेब विलायतेला निघून गेला आणि त्याची मोटर विकायला काढली, ही बातमी त्यांनीच आणली. पण सांगताना तोंड पडलेलं.

"बंद हाय ना," हे म्हणाले.

"कधीपासून?"

"खानसामा म्हणतो, साहेब होता तवाही बंदच होती."

मी हातातल्या पाटल्या काढल्या. माहेरच्या होत्या, बाबांनी घातलेल्या. ह्यांच्या पुढ्यात ठेवल्या.

"अवो, पण ती चालत नाही!"

"नाही चालत तर काय झालं? टांगा तरी माझ्यासाठी कुठं चालून राहिला?"

*

मोटर आणायला वखारीची बैलजोडी नेली. पुढं बैल, मध्ये दोर, मागं मोटर. स्टिअरिंगच्या चाकामागं आमचे हे, इस्त्रीचा कोट घालून! जसे काही बैलांना तेच चालवून राहिले होते. मागच्या गादीवर एका कोपऱ्यात मी आणि दुसऱ्या कोपऱ्यात एक कोंबडी. ती मोटरीतच राहत होती. खानसाम्यानं विचारलं होतं, "मुर्गी साथ में जाएगी?" मी म्हटलं, जाएगी. तिचं घर आपण विकत घेतलं, ती कुठं जाईल?

सदरपासून गोलबाजारापर्यंत लोक दुकानातून बाहेर येऊन बघत होते. टांगेवाल्यांच्या अड्ड्यापाशी तर बैल मुद्दाम थांबल्यासारखे थांबले. एक म्हातारा टांगेवाला ओरडला, "बाईजी, आपकी मोटर चारा कितना खाती है?"

सगळा अड्डा हसला. ह्यांनी मान खाली घातली. मी काहून घालू? डोकं खिडकीतून बाहेर काढलं.

"तुम्हारी घोडी से कम खाती है भैया! और लात नहीं मारती!"

मग अड्डा त्या म्हाताऱ्याला हसला. आम्ही पुढं.

घरी फाटकात भासरे उभे. त्यांनी बैल बघितले, दोर बघितला, मोटर बघितली. पुन्हा बैल बघितले.

"गोविंदा," ते ह्यांना म्हणाले, "यातलं नवीन काय आणलं? बैल तर आपलेच हायेत!"

*

दुसऱ्याच दिवशी भासऱ्यांनी नन्हे कबाडीला बोलावलं. मोटर मोडून लोखंड न्यायचं, विषय संपला. ह्यांची थोरल्या भावापुढं जीभ उचलत नव्हती. मला तर बोलायचीच सोय नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी, पोळपाट हातात, आणि बघून राहिले.

नन्हे आला. चाकं ठोकून बघितली, टपावर टिचकी मारली. मग गादीखालच्या स्प्रिंगा चाचपायला त्यानं आत हात घातला आणि, "अरे मार डाला!" म्हणून बाहेर काढला. बोटातून रक्त. कोंबडी स्प्रिंगांच्या मधोमध फुगून बसली होती. खाली अंडी.

आमच्या घरात अंड्याचं नाव घेतलं तर चूळ भरायला लावत. भासरे कडाडले, "उचला ती कोंबडी अन् फेका बाहेर!"

सासूबाई देवघरातून बाहेर आल्या. "कोणाले फेकतोस?"

"कोंबडीले."

"उबवायला बसली हाय ती. बाळंतीण बाई घरातून काढतात काय?"

"आई, कोंबडी हाय ती!"

"मग? तुझ्या वेळेला मले कोणी खाटेवरून उचलून फेकलं असतं, तर आज तू कोणावर ओरडला असता?"

नन्हे बोटाला चिंधी बांधून निघून गेला. भासरे येरझारा घालत राहिले. मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ठीक हाय! दसऱ्यापर्यंत. मोटर आपल्या दमावर या फाटकाच्या बाहेर गेली तर राहील. नाही गेली, तर दसऱ्याच्या दिवशी कबाडी. मग कोंबडी बसली असो की हत्ती! आई, धाकटीला सांग."

"आत्याबाई," मी सासूबाईंना म्हटलं, "त्यांना सांगा, मोटर जाईल. फाटक तेवढं उघडं ठेवा म्हणाव."

*

पिलं मोठी झाली, कोंबडीसकट शेजारच्या गल्लीत एका घरी नांदायला गेली. सासूबाईंनी गादीवर गोमूत्र शिंपडलं. तोवर संक्रांत आली.

मी ठरवलं, हळदीकुंकू मोटरीतच करायचं.

थोरल्या जाऊबाईंनी डोळे मोठे केले. "यांना काय वाटेल?"

"त्यांना कोण बसायला सांगून राहिलं? बायकांचं हळदीकुंकू हाय!"

अहाहा, काय गर्दी! गल्लीतल्या बायका पैठण्या नेसून आल्या. दोघी पुढं, तिघी मागं, वाण घ्यायचं, तिळगूळ खायचा, जरा वेळ बसायचं, मग दुसऱ्यांना जागा. बाहेर रांग लागली. दारातल्या टांग्याकडं एकीनंही ढुंकून बघितलं नाही. भासरे ओसरीवर बसून हे सगळं बघत होते आणि सुपारी इतक्या जोरात कातरत होते की कटकट आत ऐकू येत होती.

मागच्या गल्लीतल्या वकिलीणबाई आल्या. वजनदार बाई, सांभाळून बसवल्या. दार लावलं. थोड्या वेळानं त्यांनी डोळे मिटले, पदर तोंडाला लावला.

"थांबवा हो, थांबवा! मले मोटर लागते!"

"वकिलीणबाई," मी म्हटलं, "मोटर उभीच हाय."

"ते मले काय सांगता? माझ्या पोटाला सांगा!"

लिंबू कापून द्यावं लागलं. जाताना मात्र वकिलीणबाई मोठ्या समाधानानं म्हणाल्या, "बाकी गाडी चांगली हाय हो. आतड्यापर्यंत जाणवते!"

*

ह्यांनी उन्हाळाभर मोटर उकलली. चटईवर पुर्जे मांडायचे, रॉकेलनं धुवायचे, पुन्हा बसवायचे. पावसाळाभर टपावर ताडपत्री आणि खाली ह्यांचे पाय, एवढंच दिसायचं. पोळा झाल्यावर एकदा बाहेर आले आणि म्हणाले, "आता पेट्रोल पायजे."

कुपनाच्या ऑफिसातून ते दोनदा हात हलवत आले. तिसऱ्यांदा मी म्हटलं, मी जाते. परक्या साहेबाशी बोलायला मला बंदी नव्हती. बंदी घरातच होती!

साहेब आपल्याच देशाचा होता. टाय तेवढा विलायती.

"गाडी चालू है?" त्यानं विचारलं.

"नहीं साहब."

"तो पेट्रोल किसलिए?"

"चालू करने के लिए."

"ऐसा नहीं होता. पहले चालू गाडी दिखाओ, फिर पेट्रोल."

"पेट्रोल के बिना चालू कैसे होगी?"

"वो हमको नहीं मालूम. कायदा है."

मी खुर्ची ओढली आणि बसले. त्यानं बस म्हटलेलं नव्हतं.

"साहब, पहले बच्चा दिखाओ, फिर शादी की इजाजत देंगे, ऐसा भी कोई कायदा है क्या?"

पलीकडच्या टेबलावरचे बाबू कागदात तोंड घालून हसायला लागले. साहेबाचे कान लाल झाले. पण डबाभर पेट्रोल मिळालं! परत येताना डबा मी कडेवर घेतला, पोरासारखा. टांग्यात नाही हं. पायी, थांबत थांबत.

*

आता भासऱ्यांचा डाव ऐका.

खंडेनवमी आली. दसऱ्याचा आदला दिवस. त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं, अवजारं देवापुढं मांडून पूजतात. एकदा पूजेत ठेवली की दसऱ्याची पूजा होईपर्यंत उचलायची नाहीत. ह्यांचं काम जवळजवळ होत आलेलं. चार पेच आवळायचे, एक नळी बसवायची, तेवढंच राहिलेलं.

सकाळी उठून बघतात तर चटई रिकामी! पाने, पकडी, हातोडी, पेचकस, सगळं देवघरात. हळदीकुंकू लावून, फुलं वाहून, ओळीनं मांडलेलं. भासऱ्यांनी पहाटे उठून पूजा उरकली होती.

"दादा, एक पाना तरी..." हे म्हणाले.

"देवाची वस्तू हाय आता," भासरे हात जोडून म्हणाले. असे सोज्वळ दिसत होते! "उद्या पूजा झाली की घे. कबाडी दहाला येणार हाय, उद्याची पूजा मी बाराला करतो."

हे येऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले. "संपलं," म्हणाले. "पाटल्या गेल्या तुझ्या."

मी भाकरी उलटत होते. हातात उलथनं. समोर सांडशी, झारा, खलबत्त्यातला बत्ता, चिमटा, विळी. मी उलथन्याकडं बघितलं. ह्यांच्याकडं बघितलं.

"अवो, हे नाही नेलं त्यांनी पूजेला!"

बायकांच्या हत्यारांची पूजा कोणी केली आजवर? भासऱ्यांच्या हिशेबात ती हत्यारंच नव्हती! सांडशीनं नळी धरली, उलथन्याच्या टोकानं पेच आवळले, बत्त्यानं ठोकलं. जे अडलं ते चिमट्यानं सुटलं. त्या दिवशी आमच्या घरी भाकऱ्या जरा करपल्या, पण मोटर जुळली.

संध्याकाळी सासूबाई सांडशी हुंगून म्हणाल्या, "हिला रॉकेलचा वास काहून येऊन राहिला?"

"फोडणी दिली, आत्याबाई," मी म्हटलं. "मोटरीला!"

*

दसरा उजाडला. गल्ली लोटली होती. गल्लीतल्या माणसांनी मोटर ढकलून तिचं तोंड फाटकाकडं करून ठेवलं. फाटकाबाहेर नन्हे कबाडी गाडा आणि घण घेऊन हजर.

भासरे धुतलेलं धोतर, कोट, टोपी अशा थाटात आले. हातात वर्तमानपत्र. मोटरीचं मागचं दार उघडलं आणि आत जाऊन बसले!

"गेली तर मले घेऊनच जाईल," सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, आणि पेपर उघडून तोंडासमोर धरला. म्हणजे तुमची मोटर काय ती फुरफुरून राहील, तोवर माझं वाचून होईल!

मोटर सुरू करायची तर एकानं पुढं उभं राहून हँडल फिरवायचं आणि एकानं आत बसून चाक धरायचं. चाक धरायला शेजारचा एक जण कबूल झाला होता. तो ऐन वेळेला दिसेना. त्याच्या बायकोनं घरात कोंडला होता म्हणे! हे हँडल हातात घेऊन इकडं बघतात, तिकडं बघतात. गल्लीत इतके बाप्ये, पण एकही पुढं येईना.

मी पदर खोचला आणि पुढच्या गादीवर जाऊन बसले.

"काय करायचं?" मी खिडकीतून हळूच विचारलं.

"चाक सरळ धर. हलू देऊ नको," हे हळूच म्हणाले.

"अन्?"

"अन् काही नाही. सुरू झाली की मी येतोच."

मागं पेपर सळसळला. भासऱ्यांना पत्ता नव्हता पुढं कोण बसलं ते.

ह्यांनी हँडल फिरवलं. मोटर शिंकली. पुन्हा फिरवलं, खोकली. तिसऱ्यांदा फिरवलं आणि धाडकन सुरू झाली! पण गडबडीत हे एक विसरले होते. मोटर गिअरमध्ये होती. ती सुरू झाली आणि सरळ निघालीच! ह्यांनी उडी मारली ती तुळशीच्या ओट्यावर, हातात हँडल तसंच. मोटर फाटकातून बाहेर! नन्हेनं गाडा ओढून बाजूला घेतला. मागून सासूबाई आरतीचं ताट घेऊन पळत, "अगं थांब, ओवाळायचं राहिलं!"

मागचा पेपर खाली आला. भासऱ्यांना समोर माझा अंबाडा दिसला.

मोटर टांग्याच्या चालीनं गोलबाजारात शिरली. लोक बाजूला होऊन राहिले. भासरे माझ्याशी बोलू शकत नव्हते. मी त्यांच्याशी बोलू शकत नव्हते. मध्ये कोणी नव्हतं. त्यांनी खिडकीतून मुंडकं काढलं आणि पानवाल्याला हाक मारली, "अरे, हिला सांग, थांबव म्हणाव!"

पानवाला दुकानातून उडी मारून मोटरीच्या बाजूनं पळायला लागला. "बाईजी, जेठजी कह रहे हैं, रोको!"

"उनसे कहो, रोकना किसी ने सिखाया नहीं!"

त्यानं मागच्या खिडकीकडं तोंड केलं. "जेठजी, बाईजी कह रही हैं..."

"ऐकलं मी!" भासरे ओरडले.

पानवाला दमून थांबला. पुढं एक पोस्टमन सायकलवर. त्याला बरोबर घेतला.

"तिला म्हणा, ब्रेक दाब!"

"बाई, ब्रेक दाबा म्हणून राहिले!"

"ब्रेक कोणता, विचारा त्यांना!"

"कोणता, विचारून राहिल्या!"

"मले काय माहीत? मोटर काय मी घेतली होती?"

पोस्टमननं घंटी वाजवली आणि टपाल वाटायचं आहे म्हणून दुसऱ्या गल्लीत वळला. चौकातल्या शिपायाला वाटलं, साहेबाची मोटर आली. त्यानं खाडकन सलाम ठोकला. भासऱ्यांनी तशातही मान हलवून सलाम घेतला.

पुढं रस्ता फुटत होता. ह्यांनी चाक सरळ धर म्हणून सांगितलं होतं. मी सरळच धरलं होतं. तिथं मात्र एकदाच वळवलं.

बाजार संपला. घरं विरळ झाली, तीही संपली. दोन्ही बाजूंना आपले ते काळे खडक, मध्ये रस्ता, आणि दसऱ्याचं ऊन. माणूस नाही. भासऱ्यांनी डाव्या खिडकीतून बघितलं, उजव्या खिडकीतून बघितलं. एक म्हैस चरत होती. तिच्याजवळ निरोप देता येईना.

मोटर फटफट करत चालली होती. मागं भासऱ्यांनी पेपरची घडी घातली. मग खाकरले. इतकी वर्षं एका घरात राहून, एका चुलीवरचं जेवून, पहिल्यांदा ते माझ्याशी बोलले.

"बाई," म्हणाले, "कुठं चाललो आपण?"

"गढ्याला," मी म्हटलं. "घट्ट धरून बसा. समोर उतार हाय."